पोटरीत गोळा येईपर्यंत चाला, थांबा, परत चाला : कुणी केलंय का हे?

खांबमोजे_काका, सातारा (९ नोव्हेंबर)

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसता वाचत होतो, लिहायचा आळस. आता स्वतःचाच पाय अडकलाय म्हणून धागा काढतो.

वय ६३. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त, राहायला सदर बझारात. साखर अकरा वर्षांपासून. विडी पंचवीस वर्षं ओढली, मग 'सोडली', म्हणजे तंबाखूवर आलो. खरं ते लिहितो, उगाच साधुपणाचा आव नको.

दीड वर्षापासून चालताना उजव्या पोटरीत गोळा येतो. घरातून निघालो की चौथ्या विजेच्या खांबापाशी पोटरी आवळायला लागते, ओल्या धोतराला पीळ द्यावा तशी. सातव्या खांबाला पाय पुढे टाकवतच नाही. तीन-चार मिनिटं नुसतं उभं राहिलं की सगळं गायब, जणू काही झालंच नव्हतं. परत निघालो की परत तेच. लोकांना कळू नये म्हणून मी मोबाइल काढून बघत उभा राहायचो. एका भांड्यांच्या दुकानापुढे इतक्यांदा थांबलो की मालकाने एक दिवस विचारलं, "काका, कुकर दाखवू का?"

सुरुवातीचे आठ महिने 'सायटिका' म्हणून गेले. कमरेला पट्टा, कॅल्शियम, शेक, इंजेक्शनं, सगळं झालं. त्या आठ महिन्यांत एकाही माणसाने माझा मोजा काढून पाऊल बघितलं नाही. शेवटी जावयाने बळेच रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरकडे नेलं. पोरसवदा डॉक्टर. त्याने आधी पावलावर दोन बोटं ठेवली, मग घोट्याच्या आतल्या बाजूला, आणि डोळे मिटून बसला. मला वाटलं देवाचं नाव घेतोय. नाडी शोधत होता. उजवीकडे सापडली नाही.

मग आडवं झोपवून बीपीचा पट्टा आधी दंडाला आणि नंतर घोट्याच्या वर बांधला. जेली लावून पेनासारखं काहीतरी टेकवलं, त्यातून शूं-शूं आवाज. दंडात वरचं प्रेशर १५०, उजव्या घोट्यात ९३, डाव्यात १३२. घोट्याचा आकडा भागिले दंडाचा, म्हणजे उजवा ०.६२, डावा ०.८८. याला एबीआय म्हणतात. १ ते १.४ ठीक, ०.९ किंवा त्याखाली म्हणजे पायाच्या धमनीत अडथळा. कलर डॉपलरमध्ये, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सोनोग्राफीत, मांडीतली धमनी अरुंद झालेली दिसली.

मी विचारलं, स्टेंट कधी टाकायचा? तर म्हणाला, आत्ता नाही, आधी तीन महिने चाला. मी म्हटलं, "साहेब, चालता येत नाही म्हणून तर तुमच्याकडे आलोय!" त्याला हसू आलं. मला नाही.

कागदावर लिहून दिलंय ते असं. आठवड्यातून किमान तीन दिवस. सपाट रस्त्यावर असं चालायचं की तीन ते पाच मिनिटांत गोळा यावा. दुखण्याला १ ते ५ आकडे : १ म्हणजे काही नाही, ५ म्हणजे आता जीव जातो. ३ किंवा ४ पर्यंत जायचं आणि थांबायचं. दुखणं पूर्ण जाईपर्यंत थांबायचं, मग परत. असं थांबत-चालत सगळं मिळून ३० मिनिटं, हळूहळू ४५, जमलं तर तासभर. किमान १२ आठवडे. सोबत कोलेस्टेरॉलची गोळी, रक्त पातळ करायची गोळी, आणि तंबाखू आजपासून बंद.

माझे प्रश्न :

मुद्दाम दुखवून घेण्यात नुकसान नाही का? बायको म्हणते, जे दुखतं त्याला विश्रांती द्यायची असते, हे कुठलं उफराटं शास्त्र.

आणि आमचा सातारा म्हणजे अजिंक्यताऱ्याला टेकवून ठेवलेलं ताट. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे तोंड केलं की चढ. सपाट रस्ता आणायचा कुठून?

---

शंकेखोर

काका, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. पाईप चोंदला तर पाईप साफ करतात, नळ जास्त वेळ सोडून ठेवत नाहीत. माझ्या मामांच्या पायात स्टेंट टाकला, तिसऱ्या दिवशी ते दवाखान्याच्या व्हरांड्यात फेऱ्या मारत होते. 'दुखेपर्यंत चाला' हे जिममधल्या पोरांचं तत्त्वज्ञान आहे. साठीच्या मधुमेही माणसाला सांगायची गोष्ट नाही. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

---

उंबरठा

पुण्यात असते, आईवडील वाईला. बाबांना अगदी हेच होतंय! ऑनलाइन ते घट्ट गुडघ्यापर्यंतचे मोजे मिळतात, रक्ताभिसरण सुधारणारे. कालच कार्टमध्ये टाकलेत. कुणी वापरलेत का?

---

फिजिओताई

@उंबरठा, आधी ते मोजे कार्टमधून काढा. बाकीचं नंतर वाचा.

ते मोजे शिरांसाठी असतात. पायातून रक्त वर नेणाऱ्या शिरा फुगल्या, ज्याला लोक व्हेरिकोज म्हणतात, तर दाब देऊन फायदा होतो. तिथे पाय दिवसभर उभं राहून जड होतो, सुजतो आणि उशीवर ठेवला की बरं वाटतं. काकांचा आजार उलटा आहे. रक्त खाली आणणारी धमनी अरुंद झाली आहे. आधीच कमी येणाऱ्या रक्तावर बाहेरून आवळायचं म्हणजे नळीवर पाय देऊन उभं राहायचं. एबीआय केल्याशिवाय असे मोजे कुणीही घालू नयेत. बाबांचा एबीआय करून घ्या, पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे, सुई लागत नाही. त्यांना मधुमेह असेल तर एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून विचारा. मधुमेहात घोट्याच्या धमन्या कडक होतात, पट्ट्याने दबतच नाहीत, आणि एबीआय खोटाच चांगला किंवा १.४ च्या वर येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातलं प्रेशर मोजतात.

आता @शंकेखोर. पाईपची उपमा सगळे देतात आणि ती अर्धीच बरोबर आहे, कारण पाय म्हणजे नुसता पाईप नाही. शेवटी रक्त वापरणारा स्नायू आहे. बसलेलं असताना पोटरीला जेवढं रक्त लागतं तेवढं अरुंद धमनीतूनही येतं, म्हणून दुखत नाही. चालायला लागलं की मागणी कितीतरी पटींनी वाढते, पुरवठा तेवढाच, म्हणून गोळा. थांबलं की मागणी उतरते, उधारी फिटते. ही मागणी-पुरवठ्याची ओढाताण परत परत घडवली की स्नायू काटकसर शिकतो. आहे त्या रक्तातून जास्त प्राणवायू ओढून घेतो, पेशींमधली ऊर्जा तयार करायची यंत्रणा सुधारते, धमनीचं अस्तर जास्त चांगलं सैलावतं, आणि चालण्याची ढबही कमी खर्चिक होते. आजूबाजूच्या बारीक वाहिन्या मोठ्या होऊन 'बायपास' तयार होतो असं आम्हालाही पूर्वी शिकवायचे. थोडंफार होत असेल, पण मुख्य श्रेय त्याचं नाही. म्हणूनच तीन महिन्यांनी एबीआय परत केला तर आकडा जवळपास तोच निघतो, आणि माणूस मात्र दुप्पट चालत असतो. काका, हे आत्ताच लक्षात ठेवा, नाहीतर तेव्हा हिरमोड होईल.

ही कल्पना काल-परवाची नाही. १९६६ मध्ये डेन्मार्कच्या लार्सन आणि लासेन यांनी चिठ्ठ्या टाकून गट पाडून हा प्रयोग केला होता. स्टेंटशी थेट सामना अमेरिकेत झाला, क्लेव्हर नावाची चाचणी, २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. ओटीपोटाकडच्या मोठ्या धमनीत अडथळा असलेले रुग्ण. सहा महिन्यांनी ट्रेडमिलवर सर्वात जास्त वाढ देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांची झाली, स्टेंटवाल्यांपेक्षाही. आता मामांच्या बाजूनेही बोलते : स्वतःला किती बरं वाटतं, यात स्टेंटवाले पुढे होते. आणि २०१५ च्या इरेझ चाचणीत स्टेंट आणि व्यायाम दोन्ही मिळाले ते नुसत्या व्यायामवाल्यांपेक्षा पुढे गेले. म्हणजे स्टेंट टाकला तरी चालणं चुकत नाहीच. मामा अजून चालतात ना?

दुखवून घेण्याबद्दल : नेमक्या याच प्रश्नावर २०२१ ची लाइट चाचणी आहे. ३०५ माणसं, वर्षभर, घरच्या घरी चालणं. एका गटाला सांगितलं, गोळा येईल इतक्या जोरात चाला. दुसऱ्याला सांगितलं, आरामात, दुखू न देता चाला. आरामात चालणारे व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा पुढे गेलेच नाहीत. वर्षभर शतपावली करून फायदा शून्य, वाचून मलाच वाईट वाटलं होतं. दुखणं हे इथे औषधाच्या मात्रेसारखं आहे. गोळा आला म्हणून स्नायू फाटत नाही.

काकूंना सांगा, विश्रांतीही यात आहेच. फक्त ती मध्ये मध्ये आहे.

---

खांबमोजे_काका

ताई, बायकोला वाचून दाखवलं. "मध्ये मध्ये आहे" वर तिचं समाधान झालं नाही, पण तिने उद्यापासून बरोबर यायचं ठरवलंय. माझ्यावर नजर ठेवायला. खिशात डबी आहे का तेही ती बघते.

---

आमराईकर, सांगली

'डबी' वाचून लिहितेय.

माझ्या सासऱ्यांना बर्गर होता. खायचा नाही, आजार. लिओ बर्गर नावाच्या अमेरिकेतल्या डॉक्टरने १९०८ मध्ये त्याचं वर्णन केलं म्हणून ते नाव. तरुण, विडी-सिगारेट ओढणारे पुरुष, पन्नाशीच्या आतले. ना साखर, ना कोलेस्टेरॉल. तंबाखूने हातापायांच्या लहान आणि मधल्या धमन्या सुजतात आणि गुठळीने बंद होतात. सासरे हळदीच्या अडतीवर हमाल होते. छत्तिसाव्या वर्षी अंगठा काळा पडला. मिरजेला दाखवलं, कमरेतली नस कापायचं ऑपरेशन केलं, तेव्हा सर्रास करायचे. डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं, विडी सोडा. त्यांनी विडी सोडली आणि मिसरी धरली. 'ओढत तर नाही ना' असं त्यांचं म्हणणं. पुढच्या दोन वर्षांत दोन बोटं गेली, मग अर्धं पाऊल. मिसरीची डबी सासूबाईंनी विहिरीत टाकली तेव्हा कुठे ते थांबलं. त्यानंतर चोवीस वर्षं जगले आणि पाय आणखी कापावा लागला नाही.

तर काका, विडीवरून तंबाखूवर येणं म्हणजे सोडणं नव्हे. धमनीला नळीतून आलेलं काय आणि गालातून आलेलं काय.

त्यांना तेव्हा एक पलंगावरचा व्यायाम शिकवला होता, सासूबाई घड्याळ घेऊन बसायच्या. आडवं पडून पाय उशांवर उंच, पाऊल पांढरं पडेपर्यंत, एक-दोन मिनिटं. मग पलंगाच्या कडेला बसून पाय खाली सोडायचे, लाल होईपर्यंत, तीन-चार मिनिटं, घोटे वरखाली. मग सपाट पडून उबदार रग लपेटून पाच मिनिटं. असं पाच-सहा वेळा. याचा उपयोग झाला का, सांगता येत नाही. पण पाऊल पांढऱ्याचं लाल होताना मी बघितलंय, ते विसरणं शक्य नाही.

सपाट रस्ता हवा तर सांगलीला या. आमच्या आमराईत फेऱ्या मारा, चढ नावाला नाही. भडंग मी देईन.

---

फिजिओताई

हा बर्गर-ॲलन व्यायाम. अजून शिकवतात. मात्र काकांच्या आजारात चालण्याची सर त्याला नाही, ज्यांना चालताच येत नाही त्यांच्यासाठी ठीक. गुडघे गेलेले असतील तर हाताने फिरवायची सायकलही चालते. हाताच्या व्यायामाने पायाचं चालणं सुधारतं हे ऐकून लोक माझ्याकडे संशयाने बघतात, पण तसं दिसलंय.

चढाचं राहिलंच. काका, चढावर गोळा लवकर येतो, कारण पोटरीचं काम वाढतं. म्हणून सुरुवात सपाटीवर : शाहू स्टेडियमला जा, तेही नको असेल तर गल्लीतच या टोकापासून त्या टोकापर्यंत. जेव्हा आठ-दहा मिनिटं चालूनही दुखणं ३ ला पोचणार नाही, तेव्हा वेग वाढवा किंवा चढ घ्या. परदेशात ट्रेडमिलचा उतार वाढवतात, तुम्हाला तो नगरपालिकेने फुकट दिलाय.

आणि हो, हृदयाची तपासणी झाली आहे ना? पायाच्या धमनीत जे साचलंय ते बहुतेक वेळा छातीतही थोडंफार असतं. चालताना छातीत दाब, जबड्यात-हातात कळ, घाम आला तर तो या व्यायामाचा भाग नाही, तिथेच थांबून दवाखाना.

---

खांबमोजे_काका

झालीय, ईसीजी आणि टूडी इको दोन्ही. ठीक आहे म्हणाले. एक गोळी दिली होती सिलोस्टाझोल, चालायचं अंतर वाढावं म्हणून. पहिले चार दिवस डोकं इतकं ठणकलं की पायाचं दुखणं विसरलो. ही पद्धतही वाईट नाही.

---

फिजिओताई

ती डोकेदुखी नेहमीची तक्रार आहे, डॉक्टरांना सांगा, डोस कमी-जास्त करतात. बाकीच्यांसाठी : ज्यांचं हृदय कमजोर आहे, पंपिंग कमी आहे, त्यांना ही गोळी देत नाहीत. शेजाऱ्याची मागून घेऊ नका.

---

घरचा_वैद्य

इतकी यातायात कशाला. रोज रात्री बादलीत कढत पाणी, मूठभर मीठ, वीस मिनिटं पाय बुडवून बसा. आमच्या आजोबांनी आयुष्यभर केलं. रक्त आपोआप धावत येतं.

---

आमराईकर, सांगली

आमच्या शेजारच्या काकांनी हेच केलं. साखर होती, तळव्याला काही कळत नव्हतं. पाणी किती गरम ते पायाला समजलंच नाही, दुसऱ्या दिवशी फोड. ते फोड भरून यायला पाच महिने लागले.

---

घरचा_वैद्य

पाणी कोमट घ्यायचं, एवढी अक्कल पाहिजे.

---

फिजिओताई

वर 'कढत' तुम्हीच लिहिलंय.

मधुमेहात पायाची संवेदना जाते आणि धमनीच्या आजारात जखम भरायला रक्त नसतं. दोन्ही एकत्र असले तर एका फोडाचं काय होतं ते वर आलंच. शेक, गरम पिशवी, हीटरपुढे पाय, काही नको. थंडीत सुती किंवा लोकरीचे सैल मोजे पुरे. रोज रात्री दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या आणि टाचा बघा, वाकवत नसेल तर फरशीवर आरसा ठेवून. चालायला निघताना बुटात हात घालून खडा आहे का बघायचा. अनवाणी देवळातसुद्धा नको, देव समजून घेतो.

---

बाकावरचा

माझं थोडं वेगळं आहे. वय ७०. मलाही चालल्यावर दोन्ही पायांत मुंग्या आणि जडपणा, पण नुसतं उभं राहून जात नाही. बाक शोधून बसावं लागतं किंवा कुठे तरी पुढे वाकून रेलावं लागतं. मॉलमध्ये ट्रॉली ढकलत मात्र तासभर फिरतो. सायकलही चालवतो. बायको म्हणते, खरेदीला बरा पाय चालतो. मीही गोळा येईपर्यंत चालू का?

---

फिजिओताई

नका. तुमचं वर्णन कमरेच्या मणक्यात नसा दबल्याचं वाटतं. पुढे वाकलं की मणक्यातली जागा वाढते, म्हणून ट्रॉली आणि सायकल चालते. धमनीवाला माणूस जागेवर ताठ उभा राहिला तरी मोकळा होतो आणि त्याचं अंतर दर वेळी जवळपास तेवढंच असतं. काकांचे सात खांब बघा, सोमवारीही सात आणि शुक्रवारीही सात. पावलावरच्या नाड्या आणि एबीआय तपासा, ते ठीक निघाले तर मणक्याच्या डॉक्टरकडे. दोन्ही आजार एकाच माणसालाही असू शकतात, म्हणून अंदाजावर राहू नका. काकांची गल्लत उलट दिशेने झाली होती, एवढंच.

गंमत म्हणजे जर्मन भाषेत काकांच्या आजाराला 'दुकानाच्या काचा बघण्याचा आजार' असंच म्हणतात. कुकरवाला सगळ्या देशांत असतो.

---

शंकेखोर

ठीक आहे, मामांना फोन केला. सहा महिन्यांपासून चालणं बंद आहे आणि गोळा परत यायला लागलाय. पुढे काही बोलत नाही.

एक मात्र विचारतो. हे असं देखरेखीखाली करून घेणारं कुणी आहे का आपल्याकडे? की कागद हातात देऊन 'चाला' एवढंच?

---

फिजिओताई

बोट बरोबर दुखऱ्या जागी ठेवलंत. ब्रिटनमध्ये नाइस या उपचारांच्या सूचना काढणाऱ्या सरकारी संस्थेच्या २०१२ च्या सूचनांत आठवड्याला दोन तास, तीन महिने, देखरेखीखाली व्यायाम हा पहिला उपचार म्हणून लिहिलाय. अमेरिकेत २०१७ पासून मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा १२ आठवड्यांत ३६ सत्रांचे पैसे देतं. आपल्याकडे गावोगावच्या माणसाला घरीच करावं लागतं, आणि 'चाला' एवढं सांगून भागत नाही, ते तर तंबाखू सोडा म्हणण्यासारखं झालं. घरी करायचं तर वही हवी, ठरलेले वार हवेत आणि आठवड्याला कुणीतरी फोन करून 'झालं का' विचारणारं हवं. माझे चार रुग्ण एकमेकांनाच फोन करतात, त्यांच्यात आता शर्यत लागलीय.

काका, वही ठेवताय ना?

---

खांबमोजे_काका (२१ डिसेंबर)

वही आहे, नातवाची गेल्या वर्षीची उरलेली. पण सहा आठवडे झाले आणि मनातून उतरलंय.

कालचं पान जसंच्या तसं : सकाळी ७:१०. थंडी कडक, कानटोपी. पहिली फेरी, गोळा चौथ्या खांबाला सुरू, आठव्याला थांबलो. दोन मिनिटं चाळीस सेकंद उभा. दुसरी फेरी आठ. तिसरी सात. चौथी आठ. पाचवी करताना शेजारचे जोशी भेटले, बोलत बसलो, मोजायचं राहिलं. एकूण ३५ मिनिटं.

सहा आठवड्यांत एक खांब. आमच्या रस्त्याला दोन खांबांत माझी चाळीस पावलं, म्हणजे साधारण २५ मीटर. एवढ्यासाठी मी रोज पहाटे थंडीत उभा राहतोय? वर यवतेश्वरच्या घाटात लोक हाफ मॅरेथॉन पळतात आणि मी खांब मोजतोय. तंबाखू मात्र सुटलीय, आज एकेचाळीसावा दिवस. त्याने चिडचिड वाढलीय ती वेगळी.

---

फिजिओताई

पानात तीन गोष्टी दिसतात. एक, तुम्ही दुखणं २ वरून ३ ला लागलं की थांबताय, ३ मुरू देत नाही. आठव्यावर थांबलात तेव्हा खरंच थांबावं लागलं की थांबावंसं वाटलं? दोन, सुरुवातीला तुम्हाला तीन-चार मिनिटं उभं राहावं लागायचं, आता दोन-चाळीस. ते तुम्ही मोजलंच नाही सुधारणेत. तीन, जोशी.

कॉक्रेन ही संस्था अनेक चाचण्या एकत्र करून तपासते. तिच्या २०१७ च्या आढाव्यात अशा व्यायामाने एकूण चालता येणारं अंतर सरासरी १२० मीटरच्या आसपास वाढल्याचं आहे, आणि न दुखता चालायचं ८० च्या आसपास. तुमच्या हिशेबाने पाच खांब आणि तीन खांब. ऐकायला थोडं वाटतं. तुमच्या घरापासून मंडई किती खांब?

---

खांबमोजे_काका

तेरा.

---

आमराईकर, सांगली

सात अधिक पाच बारा. एक खांब रांगत जा काका.

---

उंबरठा

मोजे परत केले. बाबांचा एबीआय ०.७ आला. उद्यापासून तेही सुरू करतायत, आई कृष्णेच्या घाटापर्यंत बरोबर जाणार आहे. एक भीती आहे, चालता चालता पाय एकदम बिघडला तर कळेल कसं?

---

फिजिओताई

चांगला प्रश्न. चालल्यावर येऊन थांबल्यावर जाणारा गोळा हा ओळखीचा पाहुणा. पण रात्री झोपेत पाऊल दुखून जाग यायला लागली आणि पाय पलंगाखाली लोंबकळवल्यावरच बरं वाटलं, किंवा बोटावरची जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, बोट काळपट दिसत असेल, तर व्यायाम बंद करून आधी रक्तवाहिन्यांचा डॉक्टर. तिथे धमनी मोकळी करणं हाच पहिला उपचार.

आणि पाय एकाएकी गार, पांढरा, बधिर पडला, हलवता येईना, तर घरी चोळत बसायचं नाही. तासांचा खेळ असतो, साधारण सहा तासांच्या आत रक्त परत सुरू व्हावं लागतं. तेव्हा सकाळी बघू म्हणायचं नाही, जी गाडी मिळेल ती.

---

खांबमोजे_काका (३ फेब्रुवारी)

बारा आठवडे पूर्ण झाले. दवाखान्यात जाऊन आलो.

एबीआय उजवा ०.६४. म्हणजे होता तिथेच. ताईंनी आधीच सांगितलं होतं म्हणून रस्त्यात रडलो नाही. गोळा आता नवव्या खांबाला सुरू होतो आणि मी थांबतो पंधराव्याला. गेल्या मंगळवारी मंडईपर्यंत एका दमात गेलो, हातात पिशवी. भांड्यांच्या दुकानापुढून न थांबता गेलो तर मालकच बाहेर आला, "काका, बरं आहे ना?" त्याला वाटलं काहीतरी बिनसलं.

डॉक्टर म्हणाला, स्टेंटचा विषय तूर्त बाजूला ठेवू, असंच चालू ठेवा, सोडलंत तर कमावलेलं जाईल. चांभाराकडून एमसीआर रबराच्या मऊ चपला करून घेतल्या, पट्टा मागून बांधायचा. दिसायला बेंगरूळ, पण टाचेची भेग भरली.

आता नवी अडचण. परवा वायरमन आले आणि माझ्या दहाव्या-अकराव्याच्या मध्ये एक नवा खांब उभा करून गेले. कालच्या वहीत एकदम सोळा लागलेत. बायको म्हणते ही सुधारणा धरायची नाही.

---

फिजिओताई

काकूंचं बरोबर आहे. यापुढे मिनिटांत मोजा. आणि सोमवारपासून राजपथाचा चढ.

---

खांबमोजे_काका

राजवाड्यापर्यंत?

---

फिजिओताई

गोळा येईपर्यंत.